स्वर मागाहून

लघुलिपीत आधी व्यंजनं काढायची,
स्वर मागाहून.
अप्पा बळवंत चौकात, तिसऱ्या मजल्यावर,
आगटेबाईंच्या क्लासात हे मी सतराव्या वर्षी शिकले.
वेग आला की माणूस स्वर टाकतो,
मग पाणी, पण आणि पुणे
एकाच वळणाने लिहिलं जातं.

आज कौन्सिल हॉलमध्ये सुनावणी.
सरकारी धरणाच्या पायथ्याशी तयार होणारी अठरा मेगावॉट,
जुना भाडेपट्टा संपला,
आता कुणाला किती.
डावीकडे कंपनी, पाच वकील.
उजवीकडे वेल्हवळी वीज ग्राहक सहकारी संस्था,
सभासद चार हजार तीनशे बारा,
हजर तिघं.

कंपनीचे केळुसकर छान बोलतात,
मिनिटाला एकशे दहा शब्द, श्वासाला जागा ठेवून.
धरण सरकारचं, मान्य, म्हणाले,
पण जनित्र आम्ही बदललं,
पण तारा आम्ही ओढल्या,
पण संध्याकाळी शहर दिवे लावतं
तेव्हा मागणी आमच्या दारात येते.
माझ्या वहीत तीच रेघ, तोच आकडा, पुन्हा पुन्हा.
दुसऱ्या कुणी वाचलं तर वाटेल
हा माणूस पाणी पाणी करतोय.

मग संस्थेच्या सचिव, गजराबाई पासलकर.
प्लास्टिकच्या पिशवीतून दहा रुपयांच्या भागाचा दाखला काढला,
सासऱ्याच्या नावाचा.
अध्यक्षांनी तो लांबूनच पाहिला.
"आमी गिऱ्हाईकबी अन् मालकबी.
नफा कुनाला द्यायचा? डाव्या हातातनं उजव्या हातात?
नियमात लिवलंय, आदी लोकांची संस्था, उरंल ते धंद्याला."
नियम कितवा, अध्यक्षांनी विचारलं.
त्यांना पाठ होता, पोटकलमासकट.
केळुसकर पहिल्यांदाच कागद शोधू लागले.

जेवणाच्या सुट्टीत नळापाशी त्या माझ्या वहीत डोकावल्या.
"ह्या मुंग्यांत माजं नाव कुटंय?"
दाखवलं. ग, ज, र.
म्हटलं, याचं गजरही होतं, गाजरही.
खळखळून हसल्या,
"गाजर तर सकाळधरनं दावत्यातच की."

साडेचारला मसुदा वाचला गेला.
कंपनीला बारा, संस्थेला सहा,
आणि ती सहा रात्री अकरा ते पहाटे पाच.
गजराबाई उठल्या.
दूध शीतकेंद्रावर सातला येतं, साहेब,
अकरापर्यंत थांबत नाही ते.
आणखी एक वाक्य बोलल्या, खाली बसता बसता.
अध्यक्ष म्हणाले, नोंद घ्या.
घेतली.

वीज आणि वजा, आगटेबाई सांगायच्या,
हातात सारखीच येतात,
संदर्भावरून ओळखावं.

बस लकडी पुलावर अडकली.
खाली नदीपात्रात गाड्या लावलेल्या, ओळीने,
आणि कडेला, कुणाच्या अध्यात मध्यात न येता,
मुठा.

रात्री धायरीत, ताटं उचलून झाल्यावर,
स्वर भरायला बसले.
सगळं जुळलं, त्या शेवटच्या वाक्याशिवाय:
आमच ह क ऐका.
हक्क की हाक?
ध्वनिमुद्रणवाला नेमकी तेव्हा टेप बदलत होता.
डोळे मिटून त्यांचा आवाज आठवू पाहिला,
आला तो वरच्या पंख्याचा,
दिवसभर कुणाच्या तरी वाट्याची वीज खात फिरलेला.
हक्क असेल तर ऐका कसं?
हक्क ऐकत नाहीत, देतात.
पण सुनावणीत हाक कोण टाइप करतं?
हक्क टाइप केलं, ऐका तसंच ठेवलं,
व्याकरणालाही थोडं सोसू दे.

सोमवारी उपसचिवांनी लाल पेनने परिच्छेदच खोडला.
वर लिहिलं:
संस्थेने आपले म्हणणे मांडले.
मी पुन्हा टाइप केलं,
सगळे स्वर जागच्या जागी.

वही जपून ठेवायची मुदत तीन वर्षं.
नव्या भाडेपट्ट्याची तीस.